झाकली मूठ

मावळात कोणाकडे रिव्हॉल्व्हर आहे हे शोधायला पोलीस लागत नाहीत, लग्नाला जावं लागतं. जुन्या हायवेच्या कडेनं वडगावपासून कामशेतपर्यंत लॉन्स आणि मंगल कार्यालयं लागलेली आहेत. तिथे मे महिन्याच्या भर दुपारी, मांडवातले पंखेसुद्धा गरम वारा टाकत असताना, जो गृहस्थ शर्टावर जाकीट चढवून खुर्चीत एका अंगाला कलून बसलेला असतो आणि मधूनमधून उजव्या कमरेवरून हात फिरवून काहीतरी जागेवर असल्याची खात्री करून घेतो, त्याच्याकडे ते आहे. त्याच्या उजव्या बाजूची खुर्ची सहसा रिकामी राहते. लग्नातली पोरंसुद्धा खेळता खेळता तिथून वळसा घालून जातात.

रोज अंगावर बाळगायचं पण कोणाच्या नजरेस पडू द्यायचं नाही असं हत्यार कसं निवडावं, या विषयावर अमेरिकेत पुस्तकं आहेत, शिकवण्या आहेत, आतून खास पट्टे शिवलेल्या विजारी आहेत. तिथला पेच साधा आहे. लहान पिस्तूल लपतं चांगलं, पण उडवताना हाताला झटका जोरात देतं आणि नेम चुकवतं. मोठं पिस्तूल नेम धरतं, पण सदऱ्याखाली मावत नाही. या दोन टोकांच्या मध्ये कुठे थांबायचं, एवढाच काय तो त्यांचा प्रश्न. आपल्याकडे तो प्रश्नच येत नाही, कारण आपल्या माणसाला ते लपवायचंच नसतं.

गंमत अशी की कायद्याला मात्र ते लपवूनच हवं आहे. २०१६ चे शस्त्र नियम सांगतात की सार्वजनिक जागी पिस्तूल-रिव्हॉल्व्हर होल्स्टरात किंवा तशाच आवरणात, नीट झाकून न्यायचं. हातात धरून मिरवायचं नाही. वरातीत हवेत उडवायचं तर मुळीच नाही. त्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद, लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तजवीज करून ठेवली आहे. म्हणजे सरकार म्हणतं झाका आणि घेणाऱ्याचं मन म्हणतं दिसू दे. या ओढाताणीतून मावळात जी तोड निघाली आहे, ती म्हणजे पातळ लिननचा पांढरा शर्ट. वस्तू झाकलेली तर असते, पण तिचा आकार कोणाच्याही लक्षात येतो.

आमच्या ओळखीतल्या एका आप्पांनी मध्यंतरी हत्यार घ्यायचं मनावर घेतलं. (तालुक्यात आप्पा पुष्कळ आहेत, तेव्हा कोणी अंगावर घेऊ नये.) रस्त्याकडेची जमीन विकून चार पैसे आले की मावळात माणूस एका ठरलेल्या क्रमानं पुढे जातो. आधी बंगला, मग पांढरी गाडी, मग शर्यतीची बैलजोडी, मग भीती. आप्पा चौथ्या पायरीवर पोचले होते. "आपल्याला कुणाला मारायचं नाय ओ," ते म्हणाले, "पण आपल्याकडं हाय, येवढं लोकांला म्हाईत असलं म्हंजे झालं." रिव्हॉल्व्हर कशासाठी घेतात याचं इतकं प्रामाणिक उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

अर्जात मात्र असं लिहून चालत नाही. तिथे जीवितास धोका आहे असं लिहावं लागतं आणि धोका कोणापासून तेही सांगावं लागतं. आप्पांना धोका होता सख्ख्या चुलतभावापासून, सातबाऱ्यावरच्या एका नोंदीवरून. त्यांनी तसं लिहिलं. पुढे असं कळलं की चुलतभावानंही त्याच महिन्यात अर्ज केला होता आणि त्याच्या अर्जात धोका म्हणून आप्पांचं नाव होतं. दोन्ही अर्जांची चौकशी एकाच हवालदारांकडे आली. ते दोघांच्याही घरचा चहा पिऊन गेले.

अर्ज कुठे करायचा हाही मावळात एक प्रश्नच आहे. तालुका एक, पण २०१८ साली पिंपरी-चिंचवडला पोलीस आयुक्तालय झालं आणि तळेगाव, देहूरोड तिकडे गेले. वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीणमध्येच राहिले. आयुक्तालयात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणमध्ये जिल्हाधिकारी. आप्पांचं घर एका हद्दीत आणि गाळे दुसऱ्या हद्दीत. भीती गाळ्यांपाशी जास्त वाटायची, परवाना मात्र घरच्या पत्त्यावर. शिवाय चारित्र्य पडताळणी, हत्यार सुरक्षित हाताळता येतं याचं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि शरीर व मन दोन्ही ठीक असल्याचं डॉक्टरांचं पत्र. या शेवटच्या पत्राबद्दल वहिनी म्हणाल्या, "ते मिळालं की आधी मला दाखवा."

परवाना पाच वर्षांचा असतो. पूर्वी तीन वर्षांचा असायचा आणि एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. हे ऐकून आप्पा जरा हिरमुसले. एकही हातात आलेलं नव्हतं, तरी तिसऱ्यावरचा हक्क गेल्याचं दुःख त्यांना झालंच. जमिनीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाचं ते खरं दुःख होतं.

मग निवड. सिनेमे पाहून आलेल्या माणसाला इथे पहिला धक्का बसतो. फौज आणि पोलीस वापरतात त्या मापांच्या काडतुसांची हत्यारं आपल्याला मिळत नाहीत, आपलं माप म्हणजे पॉइंट बत्तीस. परदेशी मालाची आयात सामान्य माणसासाठी १९८०च्या दशकातच बंद झाली. त्याआधी आलेलं एखादं जुनं वेब्ली किंवा वाल्थर कोणाच्या घरात असेल, तर त्याचा भाव रुपयांत सांगण्यापेक्षा गुंठ्यांत सांगितलेला बरा. उरतो प्रामुख्यानं देशी माल. कानपूरचं जुनं रिव्हॉल्व्हर घडणीनं वेब्लीच्याच वळणाचं, बिजागरीवर मधून मोडून काडतुसं भरायची. २०२३ साली तिथूनच 'प्रबल' आलं, त्याचं सिलिंडर कडेला उघडतं. चपटं पिस्तूल हवं असेल तर 'अशनी' आहे.

पुण्यातल्या दुकानदारानं आप्पांना रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांतला फरक शांतपणे समजावून सांगितला. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादं काडतूस वाजलं नाही, तर पुन्हा घोडा दाबायचा, पुढचं काडतूस समोर येतं. विचार करावा लागत नाही. पिस्तूल सपाट, कपड्याखाली बसायला सोयीचं, पण मध्येच अडकलं तर ते मोकळं करण्याची सवय हाताला हवी. ज्याला नियमित सराव जमणार नाही त्यानं रिव्हॉल्व्हर घ्यावं, ज्याला लपवायचं असेल त्यानं पिस्तूल. मला हा सल्ला फार समंजस वाटला. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शर्टातनं जाड कुठलं दिसतं?"

दुकानदारानं कपाटातून 'निर्भीक'सुद्धा काढून दाखवलं. २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर, २०१४ साली, कानपूरच्या कारखान्यानं हे खास बायकांसाठी म्हणून आणलं. वजन साधारण अर्धा किलो, पर्समध्ये मावणारं. कारखान्यानं ते दागिन्यासारखं गडद तांबड्या पेटीत घालून बाजारात आणलं, कारण बायकांना दागिने आवडतात. ज्या कोणाला हे सुचलं, त्याला बायकांची भीती कितपत कळली असेल, याविषयी मला शंका आहे. किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या आसपास होती. झाकली मूठ नेमकी तेवढ्यालाच का असते, हे मला त्या दिवशी कळलं. ज्या बाईला रात्रपाळी संपवून तळेगावच्या एमआयडीसीतून घरी यायचं असतं, तिच्या वर्षभराच्या पगारातून सव्वा लाख कसे बाजूला निघणार, हे त्या पेटीत कुठे लिहिलेलं नव्हतं. वहिनींना आप्पांनी घरी येऊन पेटीचं वर्णन ऐकवलं. वहिनी म्हणाल्या, पेटी तेवढी आणा, ठुशी ठेवायला होईल.

शेवटी कानपूरचं रिव्हॉल्व्हर आलं, आणि आप्पांना कळलं की खरी निवड आता सुरू होते. ठेवायचं कुठे?

ज्यांनी ही होल्स्टरं बेतली, त्यांच्या डोळ्यांपुढे खुर्चीवर बसणारा, उभ्यानं हस्तांदोलन करणारा माणूस असावा. आपला माणूस दिवसभरात किती वेळा वाकतो, बसतो, उकिडवा होतो याचा हिशेब तिथे कुणी केलेला नाही. पट्ट्याला पुढून लावलेल्या रिव्हॉल्व्हरनिशी मांडी घालून पंगतीला बसता येत नाही. दुसऱ्या वाढपापर्यंत नळी मांडीत रुतते आणि चेहऱ्यावर जे भाव येतात, त्यावरून यजमानाला वाटतं, आमटी बिघडली. पाठीमागे लावलं तर सप्ताहात कीर्तनाला भिंतीला टेकता येत नाही. बाजूला लावलं तर वडीलधाऱ्यांच्या पाया पडताना सदरा वर सरकतो आणि आशीर्वाद देणाऱ्या आत्याबाई दचकून हात मागे घेतात. कार्ल्याला एकवीरेच्या पायऱ्या चढून गेल्यावर देवीपुढे साष्टांग घालणं तर विसराच. आप्पांनी तिथे गुडघ्यांवर बसून, पाठ ताठ ठेवून नमस्कार केला. गुरवानं विचारलं, कंबर धरली का? आप्पा हो म्हणाले. देवीच्या दारात ते खोटं बोलले, आणि शब्दशः अर्थ धरला तर खरंही.

घोट्याला बांधून पाहिलं. तो बेत लावणीपर्यंत टिकला. गुडघाभर चिखलात इंद्रायणीची रोपं लावायला उतरणाऱ्या माणसाला घोटा म्हणून काही उरत नाही. आता आप्पा स्वतः लावणी करत नाहीत हे खरं, पण बांधावर उभं राहून सूचना देणाऱ्याचाही पाय कधी तरी घसरतोच. बगलेत लावायचा पट्टा मिळतो, त्यावर जाकीट घालावं लागतं. मांडवातल्या जाकिटांचा उगम हाच.

आणि मग पाऊस. लोणावळ्यात वर्षाला साधारण साडेचार हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जुलैत इथे पापड मऊ, काड्यापेटी ओली आणि कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी. अशा हवेत लोखंडाची वस्तू घामेजलेल्या अंगाला लावून फिरायची म्हणजे रोज रात्री ती उघडायची, पुसायची, तेल द्यायचं. नाही तर गंज. आप्पांच्या घरात आता तिन्हीसांजेला देवाजवळ दिवा लागतो आणि जेवणानंतर रिव्हॉल्व्हरला तेल लागतं. पहिलं काम वहिनी करतात. दुसरं कोणी करायचं यावर एकदा बोलणं झालं, पुन्हा झालं नाही.

भुशी धरणावर पावसाळ्यात जी गर्दी लोटते, ती पाहून मला नेहमी वाटतं की झाकून बाळगण्याच्या या सगळ्या शास्त्राचा तिथे शेवट होतो. पायऱ्यांवरून येणाऱ्या पाण्यात अर्ध्या चड्डीवर बसलेल्या माणसाला काय लपवता येणार? गाडीची किल्ली सुद्धा तो दातात धरून असतो.

लपवून बाळगण्याची खरी विद्या आपल्या मातीत जुनी आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा प्रतापगडाचा पायथा आठवावा. बखरींतून आलेलं वर्णन लहानपणापासून आपल्याला पाठ असतं. अंगरख्याखाली चिलखत, डोक्याच्या वस्त्राखाली शिरस्त्राण, अस्तनीत बिचवा, मुठीत वाघनखं. यात कौतुक हत्याराचं नाही. वाघनखं म्हणजे काही मोठं आयुध नव्हे. कौतुक आहे ते समोरच्याला पत्ता नसण्याचं. महाराजांच्या मुठीत काय आहे हे खानाला भेटीआधी कळलं असतं, तर त्या वस्तूची किंमत चार बोटांच्या लोखंडाइतकीच उरली असती. आप्पांचं गणित नेमकं उलटं. त्यांच्या कमरेला काय आहे हे कोणालाच कळलं नाही, तर त्यांचे पैसे फुकट गेले. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं २०२४ च्या जुलैत उसनी म्हणून साताऱ्याला आली, तेव्हा आप्पा गाडी करून पाहायला गेले होते. ती हीच की दुसरी, हे त्या संग्रहालयालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. आप्पांना त्या वादात रस नव्हता. परत आल्यावर म्हणाले, "लई बारीक ओ. बाहेरनं काईच दिसत नसंल."

बारा मावळांपैकी पवन, नाणे आणि आंदर ही तीन आजच्या मावळ तालुक्यात येतात. लोहगड-विसापूर, तुंग-तिकोना डोक्यावर उभे. इथल्या माणसाला हत्याराचं वावडं असण्याचं कारण नाही. पण दारूगोळ्याशी आमचा आजचा संबंध बराच रोकडा आहे. लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरली की देहूरोड लागतं, तिथे संरक्षण खात्याचा दारूकामाचा कारखाना. पुढे खडकी, तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा. आप्पांच्या काडतुसांच्या बुडाशी 'केएफ' अशी अक्षरं आहेत, ती याच खडकीची खूण. म्हणजे हत्यार कानपूरहून आलं तरी गोळी घरचीच. या दोन्ही ठिकाणी मावळातली कितीतरी माणसं डबा घेऊन कामाला गेली, साठाव्या वर्षी निवृत्त झाली, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही कमरेला मी कधी काही पाहिलं नाही. डब्याच्या पिशवीत गाथा मात्र असायची. तुकोबांचं देहू देहूरोडच्या कारखान्यापासून हाकेच्या नसलं तरी सायकलच्या अंतरावर आहे.

मावळात बंदूक म्हटलं की ज्यांना वेगळंच काही आठवतं, अशीही घरं आहेत. ९ ऑगस्ट २०११ ला पवनेच्या पाण्याची बंद जलवाहिनी नको म्हणून शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला, आणि तिघं गेले. त्यांत एक बाई होती. त्यांच्यापाशी लपवलेलं काही नव्हतं. दर ऑगस्टात तिथे माणसं जमतात. आप्पाही जातात. त्या दिवशी ते रिव्हॉल्व्हर घरी ठेवतात. का, असं मी विचारलेलं नाही.

रोजच्या धोक्यांचं म्हणाल, तर ते इथे निराळ्याच आकाराचे येतात. लोणावळ्यात सगळ्यात धीट दरोडेखोर म्हणजे माकड. राजमाची पॉइंटवर हातातल्या चिक्कीचं खोकं ते अशा सफाईनं नेतं की माणूस रिकाम्या मुठीकडे पाहत राहतो. त्यावर पॉइंट बत्तीस चालत नाही, वन्यजीवांचा कायदा आडवा येतो. चालते ती छत्री. मक्याची कणसं विकणाऱ्या मावशींकडे तर तेवढीही नसते. त्यांच्याजवळ बांबूची एक कामटी असते, ती त्या उगारत नाहीत, नुसती गाडीच्या फळीवर दोनदा वाजवतात. माकडं कणसांऐवजी गिऱ्हाइकाकडे वळतात. आप्पांनी एकदा हे पाहिलं. "ह्यांच्याकडं परवाना नाय, तेल नाय, काय नाय," ते म्हणाले. आवाजात किंचित असूया होती.

या सगळ्याहून मोठी गंमत निवडणुकीची. आचारसंहिता लागली की परवान्याच्या हत्यारांची छाननी होते, आणि ज्यांना आदेश येईल त्यांनी आपलं हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायचं, पावती घ्यायची, निकाल लागून गेल्यावर परत आणायचं. मावळात माणसाला भीती वाटायची म्हणून काही वेळ असेल तर ती निवडणुकीचीच. नेमकं तेव्हा हत्यार ठाण्याच्या कपाटात. २०२४ साली मे महिन्यात लोकसभा झाली, नोव्हेंबरात विधानसभा. त्यानंतर नगरपरिषदा, जिल्हा परिषदा रांगेत उभ्याच होत्या. आप्पांच्या रिव्हॉल्व्हरचा ठाण्यातला मुक्काम घरातल्यापेक्षा जास्त झाला की काय, असं वहिनींना वाटू लागलं. तेलाची बाटली मात्र घरीच राहायची.

जमा करायच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. ठाण्याच्या व्हरांड्यात बाकावर दहा-बारा जण बसले होते. एरवी जाकिटाखाली ज्याची नुसती चाहूल लागायची, तो ऐवज आज प्रत्येकाच्या मांडीवर उघड होता. कोणाचा कापडी पिशवीत, कोणाचा मिठाईच्या खोक्यात, एकाचा चक्क स्टीलच्या डब्यात. वर्षानुवर्षं एकमेकांच्या कमरेकडे चोरून पाहणारी ही मंडळी पहिल्यांदाच एकमेकांचा माल नीट न्याहाळत होती. बाकाच्या टोकाला चुलतभाऊ होता. जागा तिथेच होती, आप्पा बसले. थोडा वेळ दोघंही समोरच्या भिंतीवरचे आदेश वाचत होते.

"कोणतं?" शेवटी आप्पांनी विचारलं.

"प्रबल."

"बघू."

चुलतभावानं ते पिशवीतून काढून दिलं. आप्पांनी हातावर तोललं, सिलिंडर कडेला उघडून आत डोकावले, पुन्हा बंद केलं. "गंजतंय का?"

"लई. तू काय लावतो?"

आप्पांनी तेलाचं नाव सांगितलं, कुठे मिळतं तेही सांगितलं, आणि किती लावायचं हे बोटाच्या पेरावर दाखवलं. त्याच दोघांच्या अर्जांची चौकशी केलेले हवालदार आतून रजिस्टर घेऊन बाहेर आले आणि म्हणाले, "भाऊबंद मंडळी, गप्पा नंतर. काडतुसं मोजून द्या आधी."